मागचं सगळं पुसट

“काका, तुम्ही हे पहिल्यांदा करत नाही आहात,” फोटोच्या वर्गातली शिक्षिका त्याच्या चौथ्या फोटोवर वाकून म्हणाली, आणि तो उगाचच घाईने म्हणाला, “पहिल्यांदाच.” एवढंच झालं. लगेच ती शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे वळली, त्याच्या मांजरीच्या नाकाला तिने “वा” म्हटलं, मग बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या तीन फुलांना तीनदा “वा” म्हटलं. ती सगळ्यांनाच “वा” म्हणायची. वय त्याच्या मुलीएवढं, चष्मा कायम डोक्यावर, आणि कुणाचं मन दुखवायचं नाही असा पण केल्यासारखा चेहरा. तिच्या त्या “वा”ला काडीची किंमत नाही हे त्याने पहिल्याच रविवारी ठरवून टाकलं होतं. पण त्याला ती “वा” म्हणाली नव्हती. फोटो डोळ्यांजवळ नेऊन ती ते भलतंच वाक्य बोलली होती, आणि आठवडा झाला तरी ते दातांत अडकलेल्या धाग्यासारखं जिभेला लागत होतं. दाढी करताना लागत होतं, बायको काही सांगत असताना लागत होतं. कौतुकच होतं ते, तो स्वतःला बजावत होता. तरुण मुलीने म्हाताऱ्याला दिलेली शाबासकी. मग पहिल्यांदाच म्हणायची एवढी घाई का झाली, याचं उत्तर त्याला माहीत होतं. म्हणून तो प्रश्नाच्या आसपासही फिरकत नव्हता.

आता पुन्हा रविवार उजाडला होता. जेवणाच्या टेबलावर त्याने आपले बारा फोटो चार-चारच्या तीन ओळींत मांडले होते आणि बाजूला वर्गात मिळालेला तक्ता ठेवला होता. वर ठळक अक्षरांत ‘स्वमूल्यमापन’. खाली प्रत्येक फोटोसाठी चार रकाने: काय स्पष्ट ठेवलं, काय पुसट केलं, का, आणि दहापैकी गुण. चार वाजता वर्ग होता. महिनाभर त्या सगळ्यांनी एकच विषय घोटला होता, डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत पुढून मागे किती अंतरापर्यंतचं स्पष्ट दिसतं ते. लेन्सचं छिद्र बारीक ठेवलं की नाकासमोरच्या खिळ्यापासून दूरच्या इमारतीपर्यंत सगळं लख्ख. तेच छिद्र मोठं उघडलं की एक पातळ पापुद्रा तेवढा स्पष्ट, बाकीचं सगळं विरघळलेलं. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक महिनाभर माना डोलवत होते. काय ती सखोल चर्चा. डॉक्टर म्हणे, “पुसटपणात एक गूढ असतं.” गूढ! त्याच्या फोटोत मांजरीचा कान पुसट होता आणि गादीवरचा डाग स्पष्ट होता, यात गूढ कसलं आलंय.

नावं ठेवणं हा त्याचा छंद नव्हता, पेशा होता. चौतीस वर्षं पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणाऱ्या एका कारखान्यात तो गुणवत्ता तपासनीस होता. बिजागऱ्या, कपाटांच्या पट्ट्या, कड्या. त्याच्या टेबलावर दिवा, भिंग, मापं आणि नापासाची खूण करायला रंगात बुडवलेला कुंचला. माल समोर यायचा, तो बघायचा, आणि बहुतेक वेळा मान आडवी हलवायचा. सगळा कारखाना त्याला नकारघंटा म्हणायचा, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करताना त्याला आतून बरं वाटायचं. जगातला बहुतांश माल टाकाऊ असतो, आणि तो टाकाऊ आहे हे सांगायला एक माणूस लागतो; तो माणूस आपण आहोत, एवढ्यावर त्याची चौतीस वर्षं रुबाबात गेली. निवृत्तीच्या दिवशी मुलीने कॅमेरा हातात ठेवला. “बाबा, आता लोकांच्या चुका शोधणं बंद. सुंदर काहीतरी शोधा,” असं ती म्हणाली. त्या बिचारीला वाटलं असेल, नवीन खेळणं दिलं की माणूस नवा होतो.

त्याने पहिला फोटो उचलला. पानावरचा थेंब. हा थेंब आकाशातून पडलेला नव्हता; बायकोची कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन त्याने स्वतः फवारला होता, सतरा वेळा. काय स्पष्ट ठेवलं: थेंब. काय पुसट केलं: पान, कुंडी, अक्कल. त्याने ‘अक्कल’ खोडलं, मग तसंच राहू दिलं. गुण दोन. दुसरा, बुद्धिबळाचा पट. राजा स्पष्ट, प्यादी पुसट. हे काढताना आपल्याला फार मोठा अर्थ सुचल्यासारखं वाटलं होतं हे आठवून त्याला स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली. शाळेतल्या निबंधातसुद्धा एवढा बाळबोध अर्थ कुणी घातला नसता. एक गुण, तोसुद्धा पट पुसून ठेवला होता म्हणून. जिन्याच्या कठड्याचा फोटो त्याने उलटासुलटा करून बघितला. दोन्ही बाजूंनी सारखाच निरर्थक होता. चौथ्या फोटोवरून त्याचा हात पुढे सरकला. तो नंतर. पाचव्यात उघड्या वर्तमानपत्रावर ठेवलेला बायकोचा चष्मा होता. दर वर्गात कुणी ना कुणी चष्मा काढतोच, हा त्या लेन्सला जडलेला रोगच असावा.

बायको हात पुसत बाहेर आली आणि टेबलाशी उभी राहिली. तिने नववा फोटो बोटाने स्वतःकडे ओढला. खिडकीतली रोपं अगदी करकरीत होती, पानांवरची लव मोजता यावी इतकी.

“यात मी आहे ना? मी कुठाय?”

“मागे. ती उभी निळसर छटा दिसते ना, ती तू.”

“छटा,” ती म्हणाली. तिने फोटो लांब धरला, जवळ धरला. “तासभर उभं केलं होतंत मला. मी साडी बदलून आले होते.”

“चेहरा दाखवायचाच नव्हता. तंत्र आहे ते.”

“मग खुंटीला साडी टांगायची होती. तेवढंच तंत्र झालं असतं, आणि माझी डाळ लागली नसती,” असं म्हणून तिने फोटो जागेवर ठेवला, नीट, ओळीत. जाता जाता म्हणाली, “अहो, एक सांगू? सगळ्या फोटोंत एकच वस्तू आहे आणि बाकीचं काहीतरी लपवल्यासारखं वाटतंय. मला त्यातलं कळत नाही, पण वाटतं.”

हिला त्यातलं कळत नाही, हे तिने स्वतःच कबूल केलं होतं, तेव्हा तिच्या मताची दखल घ्यायचं कारण नव्हतं. तरीही त्याने नवव्या फोटोला शून्य दिलं आणि पेन खाली ठेवलं. आता उरलेल्यांना हात लावायचा तर चौथ्याला ओलांडून जावं लागणार होतं, आणि चौथा तिथे पडून त्याच्याकडे बघत होता. फोटो साधाच होता. गॅलरीतला नळ, पितळी, तोंडाशी गंज धरलेला, कोपरान् कोपरा स्पष्ट. आणि मागे, हातभर अंतरावर, लाल बादली. बादली म्हणून ओळखूच येत नव्हती. कडा नाही, कडी नाही, नुसता एक मऊ, गोल, पिकल्यासारखा लाल ठिपका. आजवर काढलेल्या सगळ्या फोटोंत हा एकच बरा होता, आणि तो बरा का आहे हे त्या चष्मा डोक्यावर घालणाऱ्या पोरीने एका नजरेत ओळखलं होतं. बाकीच्या अकरा फोटोंत एक म्हातारा नवीन विद्या शिकत धडपडत होता. या एका फोटोत कुणीतरी सराईत होता. छिद्र किती उघडायचं, किती वाकायचं, कुठून काढलं म्हणजे मागचं लाल नेमकं इतकंच विरघळेल, ओळखू येणार नाही पण नाहीसं झालं असंही वाटणार नाही, याचा अंदाज त्याच्या हाताला होता. एकोणीस वर्षांपूर्वीपासून होता.

कारखान्यात सदोष मालाचे फोटो काढायला एक बऱ्यापैकी कॅमेरा घेतलेला होता, आणि तो त्याच्या ताब्यात असायचा. लेन्सचा खेळ त्याला तिथेच, एकट्याने, बिजागऱ्यांवर कळला होता. तिथे पत्रा कापायच्या प्रेसवर काम करणारा एक माणूस होता, त्याला सगळे पाहुणा म्हणायचे. दोन महिन्यांसाठी म्हणून तात्पुरता आला होता आणि अकरा वर्षं तात्पुरताच राहिला होता, म्हणून पाहुणा. बोलायला मोकळा, हसायला त्याहून मोकळा. नकारघंटेच्या टेबलाशी डबा घेऊन येऊन बसायची हिंमत असलेला तो एकटाच. “साहेब, आज किती नापास?” असं विचारायचा. आपल्याला हा माणूस आवडतो हे त्याने कधी चेहऱ्यावर दिसू दिलं नव्हतं, पण पाहुण्याच्या प्रेसवरचा माल तो जरा सावकाश तपासायचा, कारण त्यात नापास करण्यासारखं क्वचितच सापडायचं आणि ते बघायला बरं वाटायचं.

प्रेस पायाने चालायची. पेडल दाबलं की वरचा ठोकळा एकदा खाली येणार, पत्रा कापणार, वर जाणार. मग हात घालून तुकडा काढायचा. त्या आठवड्यात ती प्रेस मधूनच न दाबता दुसऱ्यांदा खाली यायला लागली होती. आदल्या पाळीच्या फिटरने लाल पुठ्ठ्यावर काळ्या रंगाने लिहून तो प्रेसला समोरच बांधला होता: ‘डबल मारते आहे. चालवू नये.’ सकाळी पाळीच्या सुपरवायझरने पुठ्ठा सोडला नाही, फाडला नाही. मान पकडून मांजर फिरवावं तसा दोरीसकट मागच्या बाजूला सरकवला. माल त्या दिवशी जायलाच हवा होता. पाहुणा समोरून आला, समोर बसला, समोरून काम करू लागला. साडेदहाला ती किंकाळी आली. नकारघंटा भिंग टाकून धावला तेव्हा पाहुण्याला दोघा-तिघांनी धरलं होतं, आणि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं त्याच्याजवळ नव्हती. पाहुणा ओरडत नव्हता. तो आपल्या पायाकडे बघत होता.

दुपारी कारखान्याच्या मॅनेजरने नकारघंटेला बोलावलं. चौकशीसाठी प्रेसचे फोटो हवे होते. त्याने जाऊन प्रेसच्या कडेने पहिला फोटो काढला तो आपल्या सवयीने, तपासनीसाच्या, सगळं स्वच्छ दिसेल असा. पुढे पेडल, वर ठोकळा, मागे बाजूला लाल पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावरची अक्षरं वाचता येतील इतकी टळटळीत. मॅनेजरने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो बघितला. बराच वेळ बघितला. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, “छान आहे. अजून एक काढा. पेडल जरा नीट दिसू द्या.” बस्स. ‘पुठ्ठा दिसता कामा नये’ असं तो म्हणाला नाही, दमदाटी नाही, नोकरीचं नाव नाही. पुढे कित्येक वर्षं त्याने त्या दुपारी एखादी धमकी शोधायचा प्रयत्न केला होता, एखादा वर केलेला आवाज, निदान एखादी भुवई. मिळाली असती तर तिच्या आड बसता आलं असतं. काही मिळालं नाही. तो परत प्रेसशी गेला, गुडघ्यावर बसला, छिद्र पूर्ण उघडलं, पेडलच्या तेलकट कडेवर नेम धरला, आणि किंचित डावीकडे सरकला, म्हणजे पुठ्ठा चौकटीबाहेर जाणार नाही पण नुसता एक लाल गोळा होईल. चौकटीबाहेर गेला असता तर कुणीतरी म्हटलं असतं, मागची बाजू कापली. एवढा विचार त्याने केला होता. मागे एका माणसाचं रक्त वाळत होतं आणि तो एवढा बारीक विचार करत होता. पहिला फोटो त्याने स्वतःच पुसला. ते तर कुणी सुचवलंही नव्हतं.

अहवालात आलं: कामगाराचा पाय अनवधानाने पेडलवर पडला. सोबत छायाचित्र जोडलं आहे. संध्याकाळपर्यंत पुठ्ठा नाहीसा झाला, महिन्याभरात फिटरही नाहीसा झाला. तपासनीस स्वतः एकदा दवाखान्यात गेला, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. पाहुणा उजव्या हातावरच्या बँडेजचा गोळा पोटावर ठेवून पडला होता. म्हणाला, “पाय पडला असणार, साहेब. मला आठवत नाही, पण पडलाच असणार. नाहीतर मशीन आपोआप कशी येईल?” आणि तो, नकारघंटा, ज्याने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं, तो मान उभी हलवून म्हणाला, “होतं असं कधीकधी.”

टेबलावर बसल्या बसल्या त्याला आपल्या तळहातांना घाम आल्याचं जाणवलं, आणि त्या घामाचीही त्याला शिसारी आली. एकोणीस वर्षांनी येणारा घाम. फुकटचा घाम. आणि वर हे बारा फोटो, ही सुंदरतेची हौस, हे राजा-प्याद्यांचे चाळे करणं! ज्याला पुसट करण्याची कला आधीच अवगत आहे त्याने दर रविवारी तीन तास एका पोरीकडून ती नव्याने शिकायचं सोंग करायचं, आणि तिने पकडलं की घाईने म्हणायचं, पहिल्यांदाच. त्याने बारावा फोटो, फाटकाच्या कुलपाचा, उचलून पालथा घातला. बाराव्या फोटोच्या रकान्यांत लिहिलं: काय स्पष्ट ठेवलं: प्रेसचं पेडल. काय पुसट केलं: ‘डबल मारते आहे, चालवू नये’ असं लिहिलेला लाल पुठ्ठा. ‘का’पाशी पेन थांबलं. त्याने ‘नोकरी’ लिहिलं आणि खोडलं, ते खोटं होतं. ‘भीती’ लिहिलं आणि खोडलं, भीती वाटलीच नव्हती. शेवटी लिहिलं: जमत होतं म्हणून. गुण: दहापैकी दहा. ती दहाची दोन अक्षरं लिहिताना हात अजिबात कापला नाही, आणि ते बघून त्याला स्वतःचा जेवढा तिटकारा आला तेवढा आजवर कुठल्या टाकाऊ मालाचा आला नव्हता.

वर्गात सातजण होते. प्रत्येकाने आपापलं मूल्यमापन वाचून दाखवायचं होतं. डॉक्टरने मांजरीला नऊ गुण दिले. बँकेतल्या बाईंनी विनयाने स्वतःला सात दिले आणि इतरांनी आठ म्हणावं म्हणून थांबल्या. त्याची पाळी आली तेव्हा त्याने सुरुवातीचे अकरा भराभर उरकले, लोक हसले, त्यांना ते विनोदी वाटलं. मग त्याने बारावा वाचला. रकाने वाचून झाल्यावर, कुणाला काही कळलेलं नाही हे बघून, त्याने सगळं सांगितलं. प्रेस, पुठ्ठा, मॅनेजर, गुडघ्यावर बसणं, दवाखाना. आवाज सपाट होता, तपासणीचा शेरा वाचावा तसा.

डॉक्टर खाकरला. “अहो, त्या वेळी दुसरं काय करणार होतात तुम्ही? तसं सगळीकडेच चालतं.”

“आणि तुम्ही मनाला लावून घेतलंत, हेच किती आहे,” बँकेतल्या बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं. “आजकाल कोण एवढं बोलून दाखवतं?”

त्याने एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. दया! सगळ्यांच्या तोंडावर तिचं तेल चोपडलेलं. शिव्या मिळतील म्हणून आलो होतो, हे त्याला आत्ता कळलं. आणि त्या मिळाल्या की हलकं होऊन घरी जाऊन जेवायचं होतं, हेही कळलं. इथे बोलणं म्हणजे पुन्हा छिद्र मोठं उघडणं होतं. पुढे त्याचा पश्चात्ताप, अगदी करकरीत, आणि मागे तो माणूस, नुसती एक छटा.

शिक्षिकेने मात्र डोक्यावरचा चष्मा काढून हातात घेतला होता. “ते आहेत अजून?” तिने विचारलं.

“कोण?”

“ज्यांची बोटं गेली, ते.”

“आहे. दोन बस बदलून जावं लागतं.” हे इतक्या चटकन तोंडातून गेलं की तो स्वतःच चपापला. पत्ता त्याला पाठ होता. सहा वर्षांपूर्वी तो त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता आणि चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून परत फिरला होता.

“मग हे आम्हाला कशाला सांगताय?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. खरोखरच कळत नसल्यासारखं तिने विचारलं होतं.

तो उठला. फोटो गोळा करायला लागला, मग ते तसेच टाकून निघाला. बाहेर अजून ऊन होतं. पहिली बस रिकामी होती, दुसरीत उभं राहावं लागलं. वाटेत त्याने तीन-चार भाषणं तयार केली आणि एकेक करून नापास केली; सगळ्यांत ‘मी’ फार होता.

खालच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं, दार उघडंच. पाहुणा जमिनीवर बसून एक घडीची खुर्ची दुरुस्त करत होता. डाव्या हातात पाना, उजव्या हाताचा अंगठा आणि तळवा मिळून चिमटा केलेला, त्यात खिळा. केस सगळे गेले होते. त्याने मान वर करून डोळे बारीक केले, आणि मग तेच हसू.

“साहेब! आज किती नापास?”

त्याला वाटलं होतं बसायच्या आत बोलून टाकावं. पण पाहुण्याने त्याला बसवलं, पाणी मागवलं, आतून बायको येऊन पाणी ठेवून, नमस्कार करून परत गेली. पाहुणा भरभर सांगत होता, एका शाळेच्या फाटकावर बसतो, काम बरं आहे, मुलं जीव लावतात. बसताना त्याने उजवा पाय मांडीखाली घट्ट दाबून घेतला होता, आणि बोलता बोलता तो सुटला की पुन्हा दाबून घ्यायचा.

“शाळेची गाडी चालवायचं काम देत होते,” पाहुणा म्हणाला. “स्टिअरिंग धरायला अंगठा नि तळवा पुरतो हो. पण मीच नको म्हटलं. या पायाचा भरवसा नाही, साहेब. एकदा पडला नको तिथे. मुलं असतात गाडीत.” हसला. “सायकलसुद्धा सोडली तेव्हापासून. घरात बायको अजून म्हणते, बघून पाय ठेवा.”

“पाय पडला नव्हता,” तो म्हणाला.

“काय?”

“तुमचा पाय पेडलवर पडला नव्हता, पाहुणे. मशीन आपोआप आली होती. ती डबल मारत होती. पुठ्ठा बांधला होता, मागे सरकवलेला. त्या दुपारी मी तो वाचला होता. फोटो मी काढला, आणि त्यात तो पुसट केला. मुद्दाम.”

पाहुण्याच्या तोंडावर हसू तसंच राहिलं, विसरून गेल्यासारखं. खिळा अंगठ्यातून निसटून जमिनीवर पडला. त्याने खाली, मांडीखालच्या पायाकडे पाहिलं. त्याने पाय हळूहळू बाहेर काढला आणि समोर सरळ ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“म्हणजे माझी चूक नव्हती?”

“नव्हती.”

“अजिबात नव्हती?”

“अजिबात नाही.”

“आणि दवाखान्यात मी तुम्हाला विचारलं होतं.”

“हो. विचारलं होतं.”

पाहुणा ओरडेल, खुर्ची उचलून घालेल, असं त्याला वाटलं, आणि त्यासाठी तो तयार होऊन बसला. पण पाहुण्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याने आत बघून हाक मारली. “अगं, बाहेर ये. हात राहू देत ओले, आधी ये.” ती दारात आली. “साहेब काय म्हणतायत ते ऐक. सांगा. परत सांगा, हिला सांगा.”

त्याने परत सांगितलं. ती उभीच राहून ऐकत होती. त्याचं संपलं तेव्हा तिने नवऱ्याच्या सरळ पसरलेल्या पायाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही झाला की त्याला नजर वळवावी लागली. एकोणीस वर्षं ‘बघून पाय ठेवा’ म्हणणारं तोंड तिने पदराने दाबून धरलं होतं. मग ती आत गेली, एक वही आणि पेन घेऊन आली, आणि ते त्याच्यासमोर आपटलं नाही, ठेवलं.

“लिहून द्या,” ती म्हणाली. “तोंडाने सांगितलेलं उद्या नाही म्हणाल. सही करून द्या. आमची मुलगी आहे, जावई आहेत, शाळेत साहेब आहेत. सगळ्यांना दाखवायचंय.”

“कंपनीपुढे याचा आता उपयोग होईल की नाही, मला सांगता येणार नाही,” तो म्हणाला.

“तुम्हाला कोण विचारतंय उपयोगाचं? लिहा.”

त्याने वही मांडीवर घेतली. तारीख घातली, आपलं नाव, हुद्दा. घडलं ते ओळीने लिहीत गेला. ती त्याच्या खांद्यामागे उभी राहून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होती, आणि पाहुणा ऐकत होता, पाय समोर ठेवून, मान हलवत. दुसऱ्या पानावर त्याने लिहिलं, ‘त्यानंतर मी काढलेल्या दुसऱ्या छायाचित्रात मागील बाजूचा सूचनाफलक पुसट झाला.’

तिचा आवाज थांबला.

“झाला नाही,” ती म्हणाली. “आणि पुसट-बिसट नाही. ‘मी लपवला’ लिहा.”

त्याने ती ओळ खोडली, आणि खाली तिने सांगितलं तसं लिहिलं.